काचेची टाकी: तयार आणावी, मापाने करवून घ्यावी की घरीच जोडावी?

विदर्भातील दर्यापूर, पुसद किंवा ब्रह्मपुरीसारख्या तालुक्याच्या गावी, अथवा त्यालगतच्या खेड्यात, घरात मासे पाळायचे ठरले की तीन मार्ग समोर येतात. शहरातून तयार टाकी आणता येते, तिथल्याच दुकानदाराला माप देऊन ती करवून घेता येते, किंवा तालुक्याच्या काचवाल्याकडून काचा कापून घेऊन घरी सिलिकॉनने, म्हणजे नळीतून मिळणाऱ्या रबरी लुकणाने, जोडता येते. बहुतेकांची चौकशी किमतीपासून सुरू होते. वास्तविक ती जागेच्या मापापासून सुरू व्हायला हवी.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी आपल्या जागेत बसत असेल, तर तयारच घ्यावी. तीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, ही मापे दुकानांतून घाऊक बनतात आणि तेवढ्यासाठी घरी खटाटोप केल्यास बचत फारशी होत नाही. काचेची जाडी मात्र स्वतः मोजून पाहावी. ५ मिलिमीटरपेक्षा पातळ काच असल्यास टाकी तिथेच ठेवावी.

प्रश्न खरा उभा राहतो तो जागा वेडीवाकडी असल्यावर. समजा, जुन्या घराच्या जाड भिंतीतल्या मोठ्या कोनाड्यात ८६ सेंटिमीटर लांब, ३३ रुंद आणि ४० उंच टाकी बसवायची आहे. काठोकाठ भरल्यास, काचांची जाडी वजा जाता, तीत सुमारे १०४ लिटर पाणी मावेल, आणि ८ मिलिमीटर जाडीच्या काचांचेच वजन २५ किलोच्या आसपास जाईल. वाळूसह सारा भार १४० किलोच्या घरात पोहोचतो, म्हणून कच्च्या भिंतीवर तो न टाकता वेल्डरकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्यावा. वर हात आत जाण्याइतकी, निदान २० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. मापाच्या हौसेत हीच गोष्ट सर्वाधिक विसरली जाते.

मापाची टाकी करताना लांबी वाढवण्याची मुभा आहे, उंचीची तितकी नाही. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो. वरील टाकीच्या पुढच्या काचेवर एकूण सुमारे ६९ किलोचा रेटा येतो. लांबी तीच ठेवून उंची ६० सेंटिमीटर केली, तर तो १५५ किलोच्या जवळ जातो. उंची दीडपट, रेटा सव्वादोनपट. त्यामुळे घरी जोडणाऱ्याने ४५ सेंटिमीटरच्या वर जाऊ नये, आणि त्याहून उंच टाकी हवीच असेल तर ती सरावाच्या हाताकडून करवून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहरात करवून घेतलेल्या टाकीचे सांधे सहसा चांगले असतात. अडचण वाहतुकीची आहे. जोडलेली टाकी पिकअपमध्ये शंभर किलोमीटर हादरे खात आली की कोपऱ्याचा सांधा सैल होण्याची भीती असते, आणि गळती घरी आल्यावर दिसली तर ती परत नेणार कोण? हा मार्ग निवडल्यास टाकी दुकानातच पाण्याने भरून, रात्रभर ठेवून तपासून घ्यावी. सुट्या काचा मात्र मधे कागद घालून, गादीला टेकवून उभ्या आणल्या की सहसा धड पोहोचतात.

घरी जोडण्याच्या मार्गात सारी भिस्त कापणीवर आहे. तालुक्याचा काचवाला खिडक्यांच्या कामाला सरावलेला असतो. तिथे सूतभर फरक पट्टीखाली झाकला जातो, टाकीत तो झाकला जात नाही. म्हणून इंच-सुतात न बोलता मिलिमीटरमध्ये मापे लिहून द्यावीत. वरच्या उदाहरणात तळ ८६० बाय ३३०. पुढची-मागची काच तळावर उभी राहणार, म्हणून ८६० बाय ३९२. आणि बाजूच्या काचा त्या दोहोंच्या मधे बसणार, म्हणून दोन्ही काचांची जाडी व सिलिकॉनची जागा वजा करून ३१२ बाय ३९२. जोडीच्या काचा एकमेकींवर ठेवून कडा जुळतात का ते दुकानातच पाहावे आणि कडांची धार घासून बोथट करून घ्यावी. ८ मिलिमीटरची काच गावात नसेल तर जुन्या टेबलाची काच चालते, मात्र ती टफन, म्हणजे तापवून कणखर, केलेली नसावी; टफन काच नंतर कापता येत नाही.

सिलिकॉनची एक नळी या मापाला पुरते. बाथरूमसाठीचे बुरशीरोधक सिलिकॉन कदापि घेऊ नये, कारण त्यातील औषध माशांना मारक ठरते. सिलिकॉन हवेतील ओलावा घेऊन पक्के होते, त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, उन्हाचा कडाका असूनही, ते उलट हळू वाळते. दिवाळीच्या सुमारास हवा अनुकूल असते, पण तेव्हाच घरात कापूस येतो. हवेत उडणारा कापसाचा एक तंतू ओल्या सांध्यात आडवा अडकला की पाण्याला झिरपायला वाट मिळते. ज्या खोलीत कापसाची गंजी आहे, तिथे हे काम करू नये. जोडल्यावर आठवडाभर थांबून टाकी आधी अंगणात, सपाट फळीवर थर्माकोल घालून भरावी.

उन्हाळ्याचा विचार केला, तरी मापाच्या टाकीची बाजू भक्कम होते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांत तो ७ च्या जवळ येतो. शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या उंच-अरुंद टाक्यांत पाण्याचा पृष्ठभाग कमी असतो. बुटकी आणि रुंद टाकी हवेतून अधिक प्राणवायू घेते, आणि वीज जाऊन पंप बंद पडला की हा फरक लगेच जाणवतो. मासे निवडतानाही गोल्डफिशपेक्षा गप्पी व मोली बरे. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यात तर मोलीच अधिक तग धरते.

अंगणातील सिमेंटचा हौद स्वस्त पडतो, पण मासे वरूनच दिसतात, आणि नव्या सिमेंटचा चुना उतरेपर्यंत काही आठवडे पाणी बदलत राहावे लागते. सावली असेल तर तोही वाईट नाही.

राहिली दुरुस्ती. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही, म्हणून टाकी कोणतीही असो, गळल्यास वरून थापण्यात अर्थ नसतो. पाणी काढून, आतल्या कडेचे सगळे सिलिकॉन ब्लेडने खरवडून, काच स्पिरिटने पुसून नव्याने भरावे लागते. ज्याने टाकी स्वतः जोडली आहे, त्याला हे एका दुपारचे काम वाटते. ज्याने तयार आणली आहे, तो बहुधा आधी दुकानाला फोन लावतो.