वाढणारं ऑइल, रंगाची बाटली आणि निळी टॉर्च : ७ महिने वापरल्यानंतर

डिझेलमध्ये मिसळायच्या रंगाची बाटली आणि तो रंग चमकवणारी निळी टॉर्च, असं हे गळती शोधायचं किट मी हौसेने घेतलेलं नाही. माझ्या सहा सिलिंडरच्या कॉमन रेल ट्रकचं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं आणि सर्व्हिस सेंटरने बॉनेटसुद्धा न उघडता सहाच्या सहा नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलायला सांगितले, तेव्हा घेतलं.

सुरुवात ड्रायव्हरच्या बोलण्यातून झाली. "मालक, गाडी ऑइल अजिबात खात नाही, उलट लेव्हल वर दिसते." दोन दिवस मला ते चांगलंच वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी होती, मी स्वतः डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. टोकावरून थेंब पाण्यासारखे सुटत होते, बोटांत चोळलं तर धर नाही, आणि वास सरळ डिझेलचा. दुधट रंग नव्हता, म्हणजे कूलंटचा संशय नाही. टिपकागदावर एक थेंब सोडून ठेवला. रात्रीपर्यंत मधल्या काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं पसरलं होतं, तीही डिझेलचीच खूण.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर असं : "लांबच्या फेरीला पाठवा, डिझेल उडून जाईल. नाही गेलं तर सहाही नोजल टाकू." यातल्या पहिल्या वाक्याचा राग मला अजून आहे. पेट्रोल गरम ऑइलमधून बऱ्यापैकी उडतं. डिझेल उकळतं साधारण १८० ते ३६० अंश सेल्सिअसला, आणि इंजिनच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल असतं १०० च्या आसपास. ते उडणार कसं? अशा पातळ ऑइलवर भरलेली गाडी लांब पाठवली तर बेअरिंगं जातात. लेव्हल फार चढली तर ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल इंजिनच्या हवेच्या वाटेत ओढलं जाऊन इंजिन त्याच ऑइलवर पळू शकतं, मग चावी काढली तरी थांबत नाही. ड्रायव्हरच्या जिवाशी गाठ आहे ही.

नोजलचं म्हणणं मात्र मी तपासून बघितलं. नोजलमधून परत येणाऱ्या डिझेलच्या, म्हणजे रिटर्नच्या नळ्यांना बाटल्या लावल्या, सहाही बाटल्यांत जवळजवळ सारखं डिझेल. स्कॅनरवर कुठल्याच सिलिंडरचं करेक्शन (कंप्युटरने डिझेलमध्ये केलेली कमी-जास्त) वेगळं नाही. थंड स्टार्टला पांढरा धूर नाही, मिसिंग नाही. नोजल तोंडातून टपकत असेल तर यातलं काहीतरी सहसा दिसतंच. पण नोजलच्या अंगावरची ओरिंग (रबरी रिंग) गेली असेल, तर हे सगळं ठीक दिसूनही डिझेल आतल्या आत खाली उतरतं. ती शंका उरली, आणि तिच्यासाठीच किट घेतलं. एका नोजलच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नव्हती.

पहिला वापर वाया गेला. डिझेलच्या टाकीत रंग टाकला, गाडी दोन दिवस चालवली, टॅपेट कव्हर (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) उघडलं, टॉर्च मारली. सगळीकडे सारखाच हिरवट-पिवळा उजेड. डिझेल ऑइलमध्ये येतंय हे कळलं, पण ते नाकानेही कळलं होतं. येतंय कुठून, याचं उत्तर नाही. त्या दिवशी मी हे परीक्षण लिहिलं असतं तर 'घेऊ नका' इतकंच लिहिलं असतं.

चूक पद्धतीत होती. रंगाला जास्त वेळ दिला की तो सगळ्या ऑइलमध्ये मिसळतो आणि वाट पुसून जाते. पुढच्या रविवारी मिस्त्रींनी जुनं ऑइल पूर्ण काढलं, नवीन फिल्टर, नवीन ऑइल. टाकीतल्या डिझेलमध्ये रंग होताच. इंजिन फक्त २० मिनिटं आयडलवर ठेवलं, शेडचे दिवे बंद केले, पिवळा चष्मा लावला. नवीन ऑइल या टॉर्चखाली स्वतःच फिकट निळसर दिसतं, ते लक्षात ठेवा, नाहीतर फसाल. टॅपेट कव्हरखाली सहाही नोजलभोवती तो निळसरपणाच होता, पिवळं कुठेच नाही. मग मिस्त्रींनी डिझेलचा हाय प्रेशर पंप टायमिंग केसमधून (इंजिनच्या टायमिंग गिअरच्या पेटीतून) बाहेर काढला. पंपातलं डिझेल इंजिनच्या ऑइलपासून अडवणाऱ्या शाफ्टच्या सीलच्या ओठापासून खाली करंगळीएवढी रुंद, लख्ख हिरवट-पिवळी धार. मिस्त्री एवढंच म्हणाले, "साहेब, नोजल वाचले."

पंपवाल्याने सील बदललं. मिस्त्रींनी पंपाच्या रिटर्नचा पाइपही तपासला, तो एका क्लॅम्पखाली चेपलेला निघाला. रिटर्न तुंबला की आतला दाब सीलवर येतो. तो पाइप तसाच राहिला असता तर नवं सीलही टिकलं नसतं.

किटमध्ये खटकणाऱ्या गोष्टी आहेत. टॉर्चची बॅटरी लवकर उतरते, रंग हाताला लागला की दोन दिवस जात नाही. चालतं. माझी खरी तक्रार किटबद्दल नाही, गाडीच्या डिपस्टिकबद्दल आहे. तिच्यावर खालची खूण आहे, वरची खूण आहे, आणि त्याच्या वर कोरी पट्टी. ऑइल कमी होईल एवढाच विचार बनवणाऱ्याने केला. धुराच्या फिल्टरची साफसफाई करताना, म्हणजे त्यात साचलेली काजळी जाळताना, हीच इंजिनं सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांमागून ऑइलमध्ये उतरतं, आणि साफसफाई अर्धवट राहिली की पुन्हा पुन्हा उतरतं. म्हणजे वाढ होऊ शकते हे माहीत असून खूण नाही! मी कानशीने वरच्या खुणेच्या वर दर ५ मिलिमीटरला बारीक रेघ ओढून घेतली आहे. दर सोमवारी सकाळी, थंड इंजिनवर, त्याच जागेवर आकडा वहीत जातो.

त्या वहीमुळेच मत पुन्हा थोडं बदललं. सील बदलल्यावर पाच महिने लेव्हल जागची हलली नाही. मग गाडी महिनाभर जवळच्या, थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांवर लागली आणि आकडा चढायला लागला, सावकाश. मी पुन्हा रंग टाकला. पंप कोरडा, नोजल स्वच्छ. ही वाढ फिल्टरच्या अर्धवट राहिलेल्या साफसफाईची होती, आणि तिथे हे किट काही सांगू शकत नाही, कारण डिझेल कुठल्या सांध्यातून येतच नाही. ऑइलचा नमुना लॅबला दिला. माझ्या ट्रकमधलं १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना निदान १२.५ सेंटिस्टोक (ऑइलच्या दाटपणाचं माप) असायला हवं, ते थोडं खाली आलं होतं. ऑइल बदललं, ड्रायव्हरला सांगितलं की साफसफाई चालू झाली की ती पुरी होईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही.

गळती शोधायची असेल तर किट घ्या, पण ताजं ऑइल आणि २० मिनिटं, एवढं पाळा. या सोमवारी वहीत वरच्या खुणेच्या २ मिलिमीटर खाली अशी नोंद आहे, गेल्या तीन सोमवारांसारखीच.