सीलबंद खोक्यातला वापरलेला फोन

गेल्या दसऱ्याला मी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका दुकानातून २१,५०० रुपयांचा नवा स्मार्टफोन घेतला आणि तो नवा नव्हता, हे मला अठराव्या दिवशी कळले. येत्या सणाला फोन घेण्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवलेल्या कोणावरही ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

जुना फोन पाच वर्षे वापरला होता आणि त्याची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नव्हती, त्यामुळे नव्या फोनचे पहिले दिवस फार आनंदाचे गेले. त्याच संध्याकाळी आम्ही सोने लुटण्याचा सोहळा पाहायला दसरा चौकात गेलो होतो. मावळतीच्या अंधुक उजेडातही, आपट्याची पाने मुठीत धरलेल्या माझ्या मुलीचा चेहरा फोटोत इतका स्वच्छ आला की तो मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पडदा झळझळीत होता, फोन हातात हलका वाटत होता, आणि संशय घ्यावा असे काही मनातही आले नाही.

खरेदीच्या वेळी मात्र संशय घेण्यासारख्या तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या होत्या. दुकानदाराने खोका दुरून दाखवला आणि ‘काच आणि कव्हर मोफत बसवून देतो’ असे सांगून तो आतल्या टेबलावर नेला. त्यामुळे सील माझ्यासमोर फुटलेच नाही. पक्के बिल मागितल्यावर तो म्हणाला, ‘ताई, पक्कं बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर पडतील. आणि गर्दी बघताय न्हवं, मुहूर्त टळायला लागलाय, बिल उद्या न्या की.’ मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे, हे खरे. पण खोक्यावरची कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह छापलेली असते, त्यामुळे त्या किमतीवर वेगळा कर मागता येत नाही. दसरा तर साडेतीन मुहूर्तांपैकी एक, अख्खा दिवसच शुभ. त्या दिवशी टळणारा मुहूर्त कोणता, हा प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता. तिसरी गोष्ट अशी की जुन्या फोनचे ३,००० रुपये वजा करून उरलेले १८,५०० रुपये मी यूपीआयने भरले, तेव्हा पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. हातात मिळाला तो ‘मोबाईल १ नग’ एवढेच लिहिलेला, दुकानाचा शिक्काही नसलेला कागद.

अठराव्या दिवशी बोलताना स्पीकर खरखरू लागला, म्हणून मी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. तिथल्या मुलाने फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. फोन पहिल्यांदा सुरू झाल्याची तारीख सात महिन्यांपूर्वीची होती, आणि पक्के बिल नसल्यामुळे वॉरंटी त्याच तारखेपासून मोजली जाणार होती. घरी येऊन मी खोका खिडकीजवळ नेऊन नीट पाहिला. आयएमईआयच्या स्टिकरचा कोपरा नखाने जरासा उचलला, तर त्याखाली आधीच्या स्टिकरचा फाटका कागद चिकटलेला होता. फोनवर *#०६# दाबल्यावर आलेला पंधरा अंकी क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक यांचे शेवटचे पाच अंक जुळत नव्हते. मी पतसंस्थेत काम करते आणि खातेक्रमांक पडताळणे हे माझे रोजचे काम आहे. ते पंधरा अंक मी दुकानात ताडून पाहिले असते, तर पैसे भरण्याची वेळच आली नसती.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की खोका आपल्यासमोर, आपल्या हाताने उघडावा. फोन सुरू करून *#०६# दाबावे आणि फोन, खोका व बिल या तिन्हींवरचे क्रमांक एकेक अंक जुळवून पाहावेत. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तो पंधरा अंकी क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्या क्रमांकाचा फोन कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मॉडेलचा आहे, हे कळते. क्रमांक काळ्या यादीत असेल, तर तेही समजते. वापरलेला फोन मात्र या संदेशातून पकडता येत नाही, त्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीख पाहावी लागते. या सगळ्याला दहा मिनिटे पुरतात. ‘आत्ता गर्दी आहे’ असे सांगून दुकानदार ती दहा मिनिटे देत नसेल, तर तिथून निघावे.

मी परत गेले तेव्हा ‘माल वरूनच असा येतो’ एवढे उत्तर मिळाले. जुना फोन परत मागितला, तर तो विकला गेला होता. मी तो देण्यापूर्वी रीसेट केला नव्हता, त्यामुळे बँकेचे आणि ईमेलचे सगळे पासवर्ड त्याच रात्री बदलावे लागले. ती रात्र मी जागून काढली.

त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. काही दिवसांनी दुकानातून फोन आला आणि त्याच मॉडेलचा दुसरा फोन देऊ केला गेला. आधी आयएमईआय क्रमांक लिहिलेले पक्के बिल द्या, असे मी म्हणाले आणि बोलणे तिथेच संपले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विकलेल्या वस्तूचे बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला नंतर समजले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मी ती तक्रार केली आहे. बिल नसताना माझ्या हाती पुरावा म्हणून यूपीआयची नोंद आहे, कारण तिच्यावर रक्कम, तारीख आणि वेळ आहे. त्या दिवशी रोख दिली असती, तर तेवढाही आधार उरला नसता.

सध्या मी भावाचा जुना बटणांचा फोन वापरते. तो स्मार्टफोन खोक्यासह कपाटात आहे, आणि पुढच्या तारखेला आयोगासमोर ठेवायचा असल्यामुळे स्टिकरचा तो कोपरा मी त्यानंतर आणखी उचललेला नाही.