मुंबई ते गोवा बोट हलवायची असेल तर: जाताना पाण्यातून, येताना ट्रकवर (माझा दोन्हीचा अनुभव)

बरेच जण विचारतात की बोट गोव्याला कशी नेली, परत कशी आणली, ट्रक बरा की पाण्यातून बरं, म्हणून एकदाच नीट लिहितो. डिसेंबरात आम्ही पाण्यातून खाली गेलो आणि एप्रिलच्या शेवटी ट्रकवरून बोट वर आणली. पाण्यातल्या प्रवासाला पाचपैकी साडेचार देईन, ट्रान्सपोर्टवाल्याला दोन, आणि ते दोनसुद्धा त्याच्या ड्रायव्हरमुळे.

आधी बोटीची मापं सांगतो कारण सगळं त्याच्यावरच ठरतं. 26 फुटी फायबरची शिडाची बोट, खाली पक्की कील (तळाला खाली उतरलेला जड भाग), पाण्यात सव्वा मीटर बुडते, रुंदी अडीच मीटर, मागे 9.9 हॉर्सपॉवरची आऊटबोर्ड (बोटीच्या बाहेर टांगलेली मोटर), वजन दोन टनांच्या आसपास. रुंदी फार महत्त्वाची. कंटेनरच्या आतली रुंदी 2.35 मीटर असते, म्हणजे तो पर्याय आमच्यासाठी पहिल्या दिवशीच बाद. आणि रस्त्यावर 2.6 मीटरच्या वर रुंदी गेली की तो ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल होतो, त्याचं वेगळं परमिट, वेगळे नियम. आम्ही थोडक्यात आत बसलो. तुमची बोट 30 फुटांच्या वरची असेल तर बहुतेक नाही बसणार, आधी टेप घेऊन मोजा, कागदावरच्या मापावर जाऊ नका, बाहेरचा रबर आणि क्लीट (दोर बांधायचे खुंटे) धरून मोजा.

कोकण रेल्वेचा पण विचार केला होता. 1999 पासून कोलाड ते वेर्णा मालाचे ट्रक वॅगनवर चढवून नेतात ती रो-रो. कल्पना मस्त वाटते, पण ट्रेलरवर बोट ठेवली की उंची बसेना म्हणून सोडून दिलं. छोटी स्पीडबोट साध्या ट्रकच्या हौद्यात बसत असेल तर त्यांनी नक्की चौकशी करावी.

आता पाण्यातून. मुंबई ते पणजी साधारण सव्वादोनशे नॉटिकल मैल होतात. आमची बोट आरामात पाच नॉट (तासाला पाच नॉटिकल मैल) चालते, रात्री चालायचं नाही असं आधीच ठरलेलं, म्हणून सहा दिवस. पहिला मुक्काम राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या आतल्या बाजूला, मग दाभोळ, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि सहाव्या दिवशी मांडवी. हे सगळं जमतं ते वाऱ्यामुळे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, समुद्र एकदम सपाट असतो, दहा-अकरापर्यंत तो पडतो, तासभर मोटरवर चालायचं, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो तो दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीवर येतो. शीड उघडून बसायचं, बोट आपोआप पळते. हाच वारा उत्तरेला येणाऱ्याच्या तोंडावर असतो, आणि फेब्रुवारीनंतर तो वाढतच जातो, त्याच्याबरोबर आखूड उभ्या लाटा येतात ज्यात 26 फुटी बोट नुसती आपटत राहते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की खर्चाचा हिशोब नंतर करा, आधी कुठल्या दिशेला जायचंय ते बघा. दक्षिणेला पाण्यातून, उत्तरेला रस्त्याने. उत्तरेला पाण्यातून येणारे पण आहेत, ते रात्री दोन-तीनला मतलईवर निघून अकराच्या आत बंदर गाठतात, पण त्यात दिवस दुप्पट लागतात आणि माणूस पार थकून जातो.

महिना पण तितकाच महत्त्वाचा. जून ते सप्टेंबर विषयच नाही. पण बरेच लोक ऑक्टोबर आणि मे धरून चालतात ते मला पटत नाही. 2019 ला क्यार वादळ ऑक्टोबरच्या शेवटी आलं, 2021 ला तौक्ते मेच्या मध्यात किनाऱ्याला धरून वर गेलं, निसर्ग 3 जून 2020 ला रायगडात आदळलं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, बस, एवढाच काळ मी धरतो.

आमच्यासोबत अलिबागकडचे एक तांडेल (मच्छीमार बोटीचे प्रमुख) होते, वय साठीच्या पुढे, सगळं आयुष्य मच्छीमारीत गेलेलं. रोजाने ठरवले, जेवण आपलं आणि परतीचं एसटीचं भाडं आपलं. माझ्याकडे चार्ट होता, जीपीएस होता, मोबाइलवर पण नकाशा होता, पण जाळी कुठल्याच चार्टवर नसतात हो, आणि कोकण किनाऱ्यावर खडकापेक्षा जाळ्यांचा त्रास जास्त आहे. पहाटे साडेचारला ओहोटीच्या पाण्याबरोबर गेटवेहून निघालो, खांदेरीला बाहेरून वळसा घातला, आणि तिथपासून ते सारखे पुढे नाळेवर बसून होते, हाताने डावीकडे उजवीकडे दाखवत, डोल (एका जागी रोवलेलं जाळं) कुठे लागलीय, फ्लोट कुठे आहेत, दोन फ्लोटमधून जायचं की वळसा घालायचा.

तरी दुसऱ्या दिवशी हर्णैच्या समोर अडकलोच. वारा पडलेला, मोटर चालू होती, एकदम आवाज जड झाला आणि बंद पडली. मागे वाकून बघितलं तर पंख्याला हिरवा नायलॉनचा दोर गच्च गुंडाळलेला आणि त्याच्यामागे जाळ्याची बाजू ओढली गेलेली. मी सरळ सुरी काढली. तांडेलांनी माझा हात धरला, म्हणाले, "कापाचा नाय, सोरवाचा. कोनाचा तरी घर चालतंय याच्यावर." मोटर वर उचलून घेतली, ते मागच्या बाजूला पोटावर पालथे पडले आणि पंखा हाताने उलटा फिरवत फिरवत एकेक वेढा सोडवत बसले, चाळीस मिनिटं. शेवटचा वेढा तर शाफ्टच्या आत गेला होता, तो दोन बोटांनी हळूहळू ओढून काढला, बोटांतून रक्त आलं. जाळं अख्खंच्या अख्खं परत पाण्यात सोडलं. पुढच्या बंदरात त्यांनी फोनवर कुणाला तरी सांगून पण ठेवलं की अमुक ठिकाणी तुमची जाळी सरकली असतील, बघून घ्या. मी त्या दिवसापासून बोटीवर सुरी ठेवतो ती फक्त जीवावर बेतलं तर वापरायची म्हणून. आणि हो, मोटर उचलून वर घेता येते हा आऊटबोर्डचा मोठा फायदा, इनबोर्ड असती तर कुणाला तरी पाण्यात उतरावंच लागलं असतं.

दाभोळला तोंडाशी वाळूचा बार (उथळ पट्टा) आहे, आम्ही भरतीसाठी बाहेर दीड तास थांबलो, घाई केली नाही. मालवणला खडक आहेत, अंधारात शिरू नका, दुपारी चारच्या आत पोचायचा हिशोब ठेवा. मला स्वतःला सगळ्यात आवडलं देवगड. तिन्ही बाजूंनी जमीन, आत पाणी तळ्यासारखं, नांगर टाकला आणि पहिल्यांदा रात्रभर शांत झोपलो.

पेट्रोलचं लोकांना फार टेन्शन असतं. पूर्ण प्रवासात साठेक लिटर लागलं. बंदरात मच्छीमार सोसायटीचा पंप असतो पण तो त्यांच्या डिझेलसाठी, आपल्याला गावातल्या पंपावरून कॅनमधून आणावं लागतं. आमचा भाऊ गाडी घेऊन किनाऱ्याच्या रस्त्याने समांतर येत होता, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा सगळ्या फेरीबोटींवर गाडी चढवत. संध्याकाळी तो पेट्रोल, पाणी आणि गरम जेवण घेऊन जेट्टीवर उभा असायचा. जमत असेल तर जमिनीवर एक माणूस ठेवाच, मोठा आधार वाटतो.

कागदपत्रं सगळी ओरिजिनल बरोबर ठेवा. मेरीटाईम बोर्डाचं रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, सगळ्यांचं आधार. 26/11 नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक आहे आणि ती असायलाच हवी. आम्हाला दोनदा सागरी पोलिसांनी थांबवलं, दोन्ही वेळा नीट बोलले, दहा मिनिटांत सोडलं. गोव्याच्या हद्दीत जाण्याआधी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या ऑफिसला कळवून ठेवलं होतं. व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16 वर चालू, कोस्ट गार्डचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे दोन नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरात चिकटवलेले. अर्धा मार्क कापला तो रत्नागिरीत, मिरकरवाड्याला एवढी गर्दी होती की नांगर टाकायला धड जागा मिळेना, ती एक रात्र वाईट गेली.

आता ट्रक. नाव देत नाही, कारण दुसरा कुणी याहून बरं काम करेल याची पण मला खात्री नाही, हा धंदाच आपल्याकडे मशिनरी वाहणाऱ्यांच्या हातात आहे आणि बोट म्हणजे त्यांना एक मशीनच वाटते. फोनवर म्हणाले क्रेडल (बोट बसवायचा सांगाडा) आमचं आहे, काही काळजी करू नका. ट्रेलर आला तर त्याच्यावर चार लाकडी ओंडके आणि जुने टायर. हायड्रा क्रेन तासाच्या भाड्यावर उभी, भरती उतरायला लागलेली, मी तिथे नाही म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

झालं काय, ते सांगतो. कीलच्या बोटीचं सगळं वजन कीलवर बसलं पाहिजे, बाजूच्या टेकूंनी फक्त तोल सांभाळायचा, आणि ते टेकू बरोबर तिथेच लागले पाहिजेत जिथे आतून आडव्या भिंती आहेत. यांनी कीलखाली टायर ठेवला. टायर घाटात दबत गेला, वजन हळूहळू बाजूच्या ओंडक्यांवर आलं, आणि डाव्या बाजूला जिथे आत काहीच आधार नाही नेमकं तिथे ओंडका. मुंबईत उतरवल्यावर ताडपत्री काढली तर तळहाताएवढा खोलगट भाग आणि त्याच्याभोवती केसासारख्या रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या. बोटाने दाबलं तर आत जात होतं. पाण्याखालचा भाग तो. तासून, वाळवून, फायबरची मॅट लावून रिपेअर करायला तीन आठवडे गेले. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला रस्ता खराब होता.

ड्रायव्हर मात्र सोन्यासारखा माणूस. अनमोड घाटातून बेळगाव, कोल्हापूर, पुणे असा आला, प्रत्येक चहाला पट्टे तपासून आवळायचा, फोटो पाठवायचा. त्यानेच मला सांगितलं की साहेब, पुढच्या वेळी टायर नको. घाटांत अवजड गाड्यांना अधूनमधून बंदी लागते, ती पण त्यानेच आधी विचारून ठेवली होती.

दुसरी गोष्ट, पैशाची. कोटेशन ट्रकभाड्याचं येतं आणि ते बरं वाटतं. त्यात दोन्हीकडच्या क्रेनचं, लोडिंगच्या माणसांचं, डोलकाठी काढण्या-बसवण्याचं काहीच धरलेलं नसतं, आमचं हे सगळं मिळून भाड्याच्या जवळजवळ तितकंच झालं. क्रेनच्या पट्ट्यांमध्ये वर आडवा पाइप लावा, नाहीतर पट्टे वर जाताना बोटीच्या दोन्ही कडा आत दाबतात. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, म्हणून क्रेनची वेळ भरतीप्रमाणे ठरवा, क्रेनवाल्याच्या सोयीप्रमाणे नाही. गोव्यात तो फरक बराच कमी. डोलकाठीच्या प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधा. पेट्रोलची टाकी रिकामी, बॅटरी सोडवलेली.

इन्शुरन्सचं सगळ्यात जास्त कळकळीने सांगतो. आमची पॉलिसी बोट पाण्यात असतानाची होती, रस्त्यावरच्या प्रवासाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि ते मी घेतलं नव्हतं. आणि 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यात, तुम्ही मालाची जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी मर्यादित असते. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) किंमत लिहायला लावा, जास्त पैसे मागितले तरी द्या, आणि लोडिंगच्या आधी, लोड झाल्यावर, उतरवल्यावर असे तारखेसकट फोटो काढा.

क्रेडल आता मी स्वतःचं करून घेतलंय. वेल्डरला बोटीच्या बाजूला उभं करून, आतल्या भिंतींच्या रेषा खडूने बाहेर आखून दिल्या, त्यावर सहा पॅड, सगळे स्क्रूने खालीवर होणारे, आणि कीलखाली सागाचा एकसंध ओंडका. नट खोलले की तुकडे होतात आणि टेम्पोत मावतं. नोव्हेंबरच्या शेवटी परत पाण्यातून खाली चाललोय, तांडेल तेच आहेत, क्रेडल भावाच्या मागे टेम्पोतून पणजीला जाईल आणि एप्रिलमध्ये बोट त्याच्यावर बसूनच वर येईल. कुणाची साधारण याच मापाची बोट असेल आणि त्याच सुमारास उत्तरेला आणायची असेल तर क्रेडल वापरायला देईन, फक्त पॅड तुमच्या बोटीला जुळवून घ्यायला अर्धा दिवस हाताशी ठेवा.