बर्फावरची हॉकी, ओंटारिओ (कॅनडा): एका निवृत्त कंडक्टरचा अभिप्राय

पाचपैकी साडेतीन तारे.

मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलोय. शुक्रवारी रात्री तो आणि नातू मला गावातल्या स्टेडियमवर ज्युनियर हॉकी दाखवायला घेऊन गेले. तिकीट माणशी 25 डॉलर. त्याचे रुपये करायचे नाहीत, असं सूनबाईंनी निघतानाच बजावलं होतं. मी केले. दीड हजाराच्या वर जातात.

खुर्च्या चांगल्या, पाय पसरायला एशियाडपेक्षा जास्त जागा. थंडी बर्फाच्या कारखान्यातली. कानटोपी न्या, कुणी हसत नाही. खायला पूटिन घेतलं: तळलेले बटाटे, चीजचे गोळे, वरून तपकिरी रस्सा. रस्सा कशाचा ते विचारून घ्या, बऱ्याचदा गोमांसाचा असतो.

खेळ भन्नाट आहे. चेंडूऐवजी 170 ग्रॅमची काळी रबरी चकती, तिला पक म्हणतात. पहिली वीस मिनिटं मला ती दिसलीच नाही, नुसती काचेवर आदळलेली ऐकू आली. मग नातू म्हणाला, "आजोबा, पक नका बघू, माणसं बघा." तेव्हा जमलं.

दुसऱ्या डावात दोन पोरं समोरासमोर आली, काहीतरी बोलली आणि दोघांनी हातमोजे खाली टाकले. काठ्या पण टाकल्या. एकाने दुसऱ्याचा जर्सीचा गळा धरला आणि ठोसे सुरू. या लीगमध्ये सोळा ते वीस वयाची मुलं खेळतात. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई सूप पीत होत्या, त्या कप खाली ठेवून उभ्या राहिल्या. गोल झाला तेव्हा अर्धे लोक उठले होते, आता सगळे. मीही उठलो होतो, हे खाली बसताना कळलं.

मी एकतीस वर्षं कराड आगारात कंडक्टर होतो. कराड–चिपळूण गाडीत रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून किती भांडणं सोडवली, हिशेब नाही. त्यामुळे माझी नजर पंचांवर. दोन लाइन्समन जवळच होते, पण मध्ये पडेनात. मुलगा म्हणाला, "थांबतात ते, बाबा." मला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या दोन फटक्यांत मध्ये गेलं की फटका आपल्यालाच बसतो. दम लागू द्यायचा, मग दोघांनी दोन बाजूंनी शिरायचं. एक पोरगा खाली पडला, त्याच क्षणी हे दोघे आत. हातखंडा काम. पाच तारे त्यांना.

दोघांना पाच-पाच मिनिटं काचेच्या खोक्यात बसवलं, बस्स. एनएचएल या मोठ्या लीगमध्येही हीच शिक्षा. ऑलिंपिकमध्ये याच गोष्टीसाठी सामन्याबाहेर काढतात, आणि शेजारच्या क्यूबेक प्रांताच्या ज्युनियर लीगनेही 2023 पासून तसाच नियम केलाय. म्हणजे थांबवता येतं.

मला खटकलं ते वेगळंच. आमच्या गाडीत माणूस चिडायचा तेव्हा खरंच चिडलेला असायचा. पाटणपासून घाट संपेपर्यंत उभं राहायचं म्हटल्यावर कोण चिडणार नाही? या पोरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आधी एकमेकांना विचारून घेतलं होतं, नंतर खोक्यात जाताना एकाने दुसऱ्याच्या पाठीवर थापही दिली. रागाविना मारामारी मला कळली नाही. घरी आल्यावर मुलाने सांगितलं, 2008 च्या डिसेंबरात इथेच ओंटारिओत डॉन सँडरसन नावाच्या 21 वर्षांच्या खेळाडूचं अशाच झटापटीत हेल्मेट निघालं, डोकं बर्फावर आपटलं; जानेवारीत तो गेला. हे आधी सांगितलं असतं तर मी उठलो नसतो. असं वाटतं तरी.

दीड तारा कापला तो याचा. पूटिनचा नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. सगळे पुन्हा खेळाकडे वळले, तेव्हा एक लाइन्समन वाकून बर्फावर पसरलेले हातमोजे आणि काठ्या गोळा करत होता आणि ज्याच्या त्याच्या खोक्यात नेऊन देत होता. भांडण मिटल्यावर गाडीत सीटखाली गेलेल्या चपला मी अशाच शोधून द्यायचो.

पुढच्या शुक्रवारची तिकिटं काढलीत. यावेळी पायमोज्यांचे दोन जोड घालणार.