दाव्याचे पैसे ‘सोडवून देणारा’ फोन

माझे एकूण 1,08,550 रुपये गेले. आकडा सुरुवातीलाच लिहितो, कारण गेले पाच महिने तो मी नातेवाइकांपासून लपवला आहे आणि आता लपवण्यात अर्थ उरलेला नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत माझे लेथकामाचे लहान शेड आहे. मालक मीच आणि कामगारही मीच, त्यामुळे ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा आधार नाही. म्हणूनच कोल्हापूरच्या एका शाखेतून 10 लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी घेतली होती. 14 नोव्हेंबर 2024 रोजी खानापूर रस्त्यावर मच्छेजवळ दुचाकी घसरली, उजवे मनगट मोडले, नसा दुखावल्या आणि पकड गेली. पॉलिसीप्रमाणे आठवड्याला 5,000 रुपये, जास्तीत जास्त 100 आठवडे मिळायचे होते. 12 आठवड्यांचे 60,000 मिळाले आणि पुढचे थांबले. तात्पुरते संपूर्ण अपंगत्व म्हणजे कोणतेच काम करता न येणे, आणि तुम्हाला बसून देखरेख करता येते, असे 9 एप्रिलच्या पत्रात लिहिले होते. एकट्या माणसाच्या शेडमध्ये देखरेख कोणावर करायची, हे त्यात नव्हते. सरकारी वैद्यकीय मंडळाचे 45 टक्के कायम अपंगत्वाचे प्रमाणपत्र पाठवले, तर उत्तर आले की त्यांच्या तक्त्यात हात शरीरापासून वेगळा झाला असेल तरच भरपाई आहे. सरकारी टक्केवारी आणि पॉलिसीची टक्केवारी या वेगळ्या गोष्टी असतात. पॉलिसी घेताना हप्त्याच्या आधी अपंगत्वाची व्याख्या वाचा.

17 जूनला फोन आला. बोलणारा स्वतःला विमा नियामकाच्या तक्रार विभागातला अधिकारी म्हणवत होता. त्याला माझा दावा क्रमांक माहीत होता, थांबलेले 88 आठवडे माहीत होते, आणि 88 गुणिले 5,000 म्हणजे 4,40,000 मंजूर झाल्याचे त्याने सांगितले. ही माहिती त्याला कोठून मिळाली, हे मला आजही कळलेले नाही. पण मी फसलो तो त्या माहितीमुळे जेवढा, तेवढाच त्याच्या मराठीमुळे. आम्हा बेळगावकरांना पॉलिसी इंग्रजीत मिळते, कचेरीत कन्नड ऐकावे लागते, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच कोणी तरी “काका, हाताला आता कसं वाटतंय?” असे विचारले होते. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर फसला नसता, असे म्हणणाऱ्याने एकदा डाव्या हाताने सही करून पाहावी.

आधी फाइल शुल्क म्हणून 4,850 घेतले. नंतर मंजूर रकमेवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 79,200. ते भरण्यासाठी पत्नीच्या बांगड्या सोसायटीत तारण ठेवल्या. पैसे पाठवताना मोबाइलच्या पडद्यावर कंपनीचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. तो क्षण मला अजून झोपू देत नाही. अंगठा बटणावर होता, नाव समोर होते, आणि मी थांबलोही होतो. मी विचारले, तर तो न अडखळता म्हणाला की हे वसुली अधिकाऱ्याचे सरकारी खाते आहे. सरकारी खाते एखाद्या माणसाच्या खासगी नावाने नसते, हे मला माहीत नव्हते असे नाही. त्या घडीला ते मला माहीत असायला नको होते. मी बटण दाबले. तिसऱ्या दिवशी ना हरकत दाखल्याचे 24,500 दिले आणि त्यानंतर फोन बंद झाला. भरपाई मिळवण्यासाठी विमाधारकाने आधी कर भरायचा, अशी पद्धतच नाही. आणि आयआरडीएआय, म्हणजे विमा नियामक, कोणाला फोन करून दावे सोडवत बसत नाही.

लाजेपोटी चार दिवस गप्प बसलो, ही दुसरी चूक. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या तासात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. मी केला तेव्हा खात्यात काहीच उरले नव्हते.

पुढे जे झाले त्याचा राग फसवणाऱ्यापेक्षाही जास्त आहे. ठाण्यात सांगितले की खाते परराज्यातले आहे, तिकडे जा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी नम्रपणे सांगितले, तर अर्ज कन्नडमध्ये आणा, असे उत्तर मिळाले. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. ती प्रत दाखवल्यावर साहेब बाहेर आहेत, उद्या या, असे झाले. असे ‘उद्या’ सहा झाले. शेवटी 150 रुपये देऊन कन्नडमध्ये टंकलेखन करून घेतले, तेव्हा पोच मिळाली. गुन्हा नोंद त्यानंतरही नऊ दिवसांनी झाला. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले. विमा शाखेने सांगितले की त्या फोनशी आमचा संबंध नाही. मग माझा दावा क्रमांक बाहेर कसा गेला, या प्रश्नावर तिथल्या बाईंनी पुढच्या ग्राहकाला बोलावले.

या धावपळीत मूळ दावा बाजूला पडला होता, आणि ठगाचा खरा फायदा तोच असतो. विमा लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते, वकील लागत नाही आणि चालतही नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहावी लागते, आणि नकार मिळाल्यापासून वर्षभरात अर्ज जावा लागतो. कर्नाटकासाठी कार्यालय बंगळूरला आहे. पण कंपनीची संबंधित शाखा जिथे आहे तिथल्या लोकपालाकडेही जाता येते, हे मला एका शेजाऱ्याने सांगितले. माझी शाखा कोल्हापूरची असल्याने अर्ज पुण्याला पाठवला, मराठीत. कामाचे स्वरूप सांगणारे डॉक्टरांचे पत्र, शेडचे छायाचित्र आणि 12 आठवड्यांच्या भरपाईचे उतारे जोडले आहेत.

गेल्या गुरुवारी पुन्हा एक फोन आला. गेलेले 1,08,550 परत मिळवून देतो, फक्त 9,999 भरा, असे तो म्हणत होता. आवाज वेगळा होता, मराठी तशीच गोड.