सोळा अंशांवरचा ध्रुव आणि माझा सेकंडहँड स्टार ट्रॅकर

गेल्या दिवाळीत 21 हजारांना वापरलेला स्टार ट्रॅकर घेतला. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत आणि त्यातल्या निम्म्या आपल्या अक्षांशाच्या आहेत.

हे यंत्र म्हणजे कॅमेऱ्याखाली बसवायची, पृथ्वीच्या वेगाने उलटी फिरणारी मोटर. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे छोट्या सेन्सरचा. त्यावर 50 एमएमची लेन्स लावली की सहा सेकंदांच्या पुढे ताऱ्यांच्या रेघा ओढल्या जातात. ट्रॅकरवर तीच लेन्स दोन मिनिटं उघडी ठेवतो. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ आधी नुसता धुरकट ठिपका यायचा, आता त्याचे पंख दिसतात. पैसे इथेच वसूल झाले.

आता त्रास. मोटरचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि कोल्हापुरातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा-सतरा अंश वर. व्हिडिओंतली परदेशी मंडळी मान वर करून ध्रुव शोधतात, आपण समोर बघायचं. समोर काय असतं? मामांचा ऊस. राधानगरीजवळच्या त्यांच्या शेतात पहिल्या रात्री अर्धा तास ध्रुव सापडेना. मग डोक्यात उजेड पडला: दहा फुटी ऊस वीस फुटांवर असला, तर ट्रायपॉडच्या उंचीवरून ध्रुव पानांआडच जाणार. सामान उचलून खळ्यावर आलो आणि दोन मिनिटांत सापडला. त्यात ज्या बिंदूभोवती आकाश फिरताना दिसतं, त्या ध्रुवबिंदूवर ध्रुव नेमका नसतोच, सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला असतो. पोलर स्कोपमधल्या, म्हणजे आस रोखायच्या छोट्या दुर्बिणीतल्या, वर्तुळावर तो कुठे ठेवायचा हे मोबाइल ॲप सांगतं. स्कोपला उजेड देणारी चिमटीतली लाइट मात्र दर वेळी गवतात पडते.

खरी डोकेदुखी वजनाची. अक्षांश कमी, म्हणून आस जवळपास आडवा, आणि काउंटरवेटचा, म्हणजे कॅमेऱ्याचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा, दांडा सरळ खाली लोंबतो. उत्तरेकडच्या ट्रायपॉडच्या पायाला तो टक्कन आदळला आणि तिथून पुढचे अकरा फोटो कचऱ्यात गेले. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही. एक पाय दक्षिणेला ठेवून बाकीचे दोन उत्तरेला फाकवले की थोडं जमतं. मी मात्र उद्यमनगरात जाऊन ट्रायपॉड आणि ट्रॅकरच्या मध्ये बसवायला ॲल्युमिनियमचा सहा इंची खांब टर्न करून आणला, दोन्हीकडे 3/8 इंची आटे पाडून. लेथवाल्या काकांनी विचारलं, "कुठल्या मशीनचा पार्ट?" सांगितल्यावर म्हणाले, "मग शनी दाखवा की एकदा." शनी या यंत्राचं कामच नव्हे, त्याला दुर्बीण लागते. पण खांब एकदम सरळ निघाला.

निकाल सांगतो. 50 एमएमवर दोन मिनिटांचे 30 फोटो काढले, 26 मध्ये तारे गोल. 135 एमएमवर एका मिनिटालाच निम्मे वाया. खोक्यावर पाच किलो पेलतं असं छापलंय, मी अडीचच्या वर जात नाही. चार पेन्सिल सेल एक रात्र पुरतात. फक्त 14 एमएमने आकाशगंगा टिपायची असेल तर हे घेऊ नका. तिथे साध्या ट्रायपॉडवर वीस सेकंद मिळतात.

जागेचं म्हणाल तर पन्हाळ्याजवळचं मसाई पठार मला आवडतं, पण तिथून कोल्हापूर शहराचा उजेड आग्नेयेला येतो. मार्च-एप्रिलच्या पहाटे वृश्चिकामागून आकाशगंगा नेमकी तिथूनच वर येते. राधानगरीत तोच उजेड ईशान्येला पाठीशी राहतो. शिवाय ध्रुव खाली गेल्याची भरपाई दक्षिण करते. फेब्रुवारीच्या संध्याकाळी अगस्त्य तारा वीस अंशांवर झळकतो.

मामा रात्री दोनला चहा घेऊन आले. मोटरची घरघर ऐकून म्हणाले, "फोटो तर मोबाइलात बी येतोय की रं, ही चक्की कशाला फिरवतोयस?" मी मागची स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ह्यो गुलाबी ढग हितंच हाय व्हय, आपल्या डोक्यावर?"

जून लागताच ट्रॅकर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात जाईल. ऑक्टोबरात आधी मामांना फोन करायचा, यंदा उत्तरेच्या बांधाला काय लावलंय ते विचारायला.