केळीच्या ॲपसाठी चॅट लायब्ररी: टीडीलिब, एक्सएमपीपी की मॅट्रिक्स?

रावेर, सावदा, फैजपूर पट्ट्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला स्वतःचं चॅट ॲप हवंय, असं धरू. रोजचा बोर्ड भाव, उद्या कापणी कोणाच्या बागेत, गाडी कुठवर आली, भराईचे फोटो. वापरणारे दोन-तीनशे, फोन बहुतेक स्वस्तातले अँड्रॉइड, आणि सातपुड्याच्या पायथ्याला रेंज येते-जाते. जळगावात बसलेला प्रोग्रामर एकच. सॉकेट उघडून मेसेज पाठवणं त्याला दोन दिवसांत जमेल. कनेक्शन तुटून पुन्हा जोडताना एकही मेसेज हरवायचा नाही आणि दोनदा दिसायचा नाही, इथे महिने जातात. लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून तपासलेला कोड, त्यासाठीच घ्यायची.

टीडीलिब

टेलिग्रामने ही २०१८ साली खुली केली. गाभा सी++ मध्ये आहे, पण जेसॉन या साध्या मजकुराच्या साच्यातून बोलता येत असल्याने पायथन, कोटलिन कशातूनही चालते. सर्व्हर टेलिग्रामचा, त्यामुळे तो खर्च शून्य. स्थानिक डेटाबेस, मेसेजचा क्रम, पुन्हा जोडणी हे सगळं ती स्वतः बघते. टेलिग्रामच्या साइटवरून एपीआय आयडी आणि हॅश (आपल्या ॲपची ओळख) घ्यायचा, मग लायब्ररी एकेक अवस्था मागत जाते: पॅरामीटर, मोबाइल नंबर, कोड, असल्यास पासवर्ड. हा क्रम आपण ठरवायचा नाही, ती मागेल तेच द्यायचं. ज्याच्याकडे टेलिग्राम आधीच चालू आहे त्याला कोड बहुधा त्या ॲपमध्येच येतो आणि माणूस एसएमएसची वाट बघत बसतो; ही सूचना लॉगिनच्या पानावर मराठीत ठळक लिहा.

नवख्यांची ठरलेली चूक मेसेजच्या आयडीत होते. पाठवल्याबरोबर मिळणारा आयडी तात्पुरता असतो. सर्व्हरने स्वीकारल्यावर ‘पाठवणं यशस्वी’ हे अपडेट येतं, त्यात जुना आणि नवा असे दोन्ही आयडी असतात. तेव्हा आपल्या यादीत बदल केला नाही, तर पुढे दुरुस्ती किंवा डिलीट त्या मेसेजला लागतच नाही. मेसेजची मर्यादा ४०९६ कॅरेक्टरची आहे आणि देवनागरीत मात्रा, हलंत वेगळे मोजले जातात: ‘क्षे’ दिसतं एक, भरतं चार. ठळक अक्षरांची जागा यूटीएफ-१६ च्या हिशेबाने द्यावी लागते, त्यात केळीचा इमोजी दोन घरं घेतो; पायथन मात्र त्याला एकच मोजतो. भावाआधी केळीचा इमोजी टाकला की ठळकपणा एक घर सरकतो. शे-दोनशे जणांना एकेक करून मेसेज धाडायला गेलात, तर ४२९ एरर आणि किती सेकंद थांबायचं याचा आकडा येतो. तेवढं निमूट थांबायचं.

अडचण मालकीची. प्रत्येकाचं टेलिग्राम खातं हवं, ते बंद झालं की आपलं ॲपही त्याच्यापुरतं बंद. आणि साध्या चॅट-ग्रुपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मधल्या सर्व्हरलाही वाचता येणार नाही असं कुलूप) नाही, ते फक्त सीक्रेट चॅटला.

एक्सएमपीपी

जॅबर नावाने १९९९ पासूनचा हा प्रोटोकॉल, म्हणजे मेसेज देवाणघेवाणीचे खुले नियम. जुना आहे म्हणून नाक मुरडू नका, कमी रेंजमध्ये तो गुणाचा ठरतो. सर्व्हर प्रोसोडी घेतला तर लहानशा व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) एवढे लोक सहज निभतात. लायब्ररी म्हणाल तर अँड्रॉइडसाठी स्मॅक, पायथन बॉटसाठी (आपोआप मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामसाठी) स्लिक्सएमपीपी.

क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या चार एक्सटेन्शनशिवाय (जोड-नियमांशिवाय) मात्र हा अर्धवट राहतो: ०१९८ म्हणजे पोच आणि तुटलेलं सेशन पुढे चालू करणं, ०३१३ म्हणजे सर्व्हरवरचा साठा, ०२८० म्हणजे दुसऱ्या फोनवर प्रत, ०३६३ म्हणजे फोटो. प्रोसोडी तुटलेलं सेशन मुळात १० मिनिटं धरून ठेवतो. बागेतून डांबरी रस्त्यावर यायला त्याहून वेळ लागला की जुनं सेशन गेलं, राहिलेलं साठ्यातून आणायचं. आणताना शेवटच्या मेसेजचा आयडी वापरा, फोनची वेळ नको; घड्याळ पुढे असलेल्या फोनवर मधले मेसेज गायब होतात.

लॉगिन झालं, पण मेसेज येत नाहीत? प्रेझेन्स, म्हणजे ‘मी ऑनलाइन आहे’ हा निरोप, पाठवायचा राहिला असेल, त्याशिवाय सर्व्हर तुम्हाला हजर धरत नाही. स्लिक्सएमपीपीत हँडलरमध्ये साधा स्लीप घातला की सगळा लूप थांबतो, पिंगला उत्तर जात नाही आणि कनेक्शन पडतं. आणि एक्सएमएल हाताने जोडून पाठवू नका. व्यापाऱ्याच्या पेढीच्या नावातलं ‘&’ तसंच गेलं, तर तो एक मेसेज नव्हे, सर्व्हर अख्खं कनेक्शनच तोडतो. लायब्ररीच्या मेसेज ऑब्जेक्टमध्ये मजकूर भरला की ही भानगडच उरत नाही.

मॅट्रिक्स

हा प्रोटोकॉल २०१४ चा, एचटीटीपी आणि जेसॉनवर चालणारा, त्यामुळे वेब प्रोग्रामरला पहिल्या दिवसापासून ओळखीचा. प्रत्येक मेसेजला आपण व्यवहार क्रमांक देतो. उत्तर आलं नाही तर तोच क्रमांक घालून पुन्हा पाठवायचा, दुबार पडत नाही. ही सोय फार सुबक आहे. जुना इतिहास आणि अनेक उपकरणं हवी असतील, तर याच्याइतकं नीट कुठे नाही.

भार मात्र जाणवतो. मॅट्रिक्सच्या सिनॅप्स सर्व्हरला पोस्टग्रेस डेटाबेस आणि प्रोसोडीहून बरीच जास्त रॅम लागते. जावास्क्रिप्ट लायब्ररी मुळात सगळं मेमरीत ठेवते. इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधला कायमचा साठा) जोडला नाही, तर पान उघडताना दर वेळी पहिल्यापासून सिंक, आणि टू-जीवर आलेल्या फोनवर ते संपता संपत नाही. सदस्यांची यादी गरजेपुरतीच मागवा. एन्क्रिप्शन चालू असेल तर डिव्हाइस आयडी आणि किल्ल्या जपा. दर वेळी नव्याने लॉगिन करणाऱ्या बॉटला जुने मेसेज उलगडत नाहीत.

पिजिन या चॅट प्रोग्राममागची लिबपर्पल लायब्ररी डेस्कटॉपसाठी आहे. मोबाइल ॲपसाठी तिच्या वाटेला जाऊ नये.

मग घ्यावं काय?

लोक आधीच टेलिग्रामवर असतील आणि फक्त भाव-गाडीची माहिती फिरवायची असेल, तर टीडीलिब. हिशेब, वजनपावत्या अशा गोष्टी जाणार असतील आणि सर्व्हर स्वतःचा हवा असेल, तर आमचा कौल स्मॅक-प्रोसोडीला. मॅट्रिक्स तेव्हाच, जेव्हा सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस आहे.

स्वतःचा सर्व्हर म्हटला की दोन कामं वाढतात. मोबाइलवर ओटीपी पाठवायला डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणी व्यवस्थेवर) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्पलेट, म्हणजे मजकुराचा नमुना, नोंदवावे लागतात, ते प्रोग्रामिंगच्या आधीच सुरू करा. दुसरं, पुश. अँड्रॉइड ६ पासून स्क्रीन बंद करून बाजूला पडलेल्या फोनचं नेटवर्क डोझ ही बॅटरी वाचवणारी सोय अडवते, म्हणून उघडं कनेक्शन भरवशाचं नाही. एफसीएम या गुगलच्या पुश सेवेने फोन जागा करावाच लागतो.

निवड पक्की करण्याआधी तिन्हींचं छोटं नमुना ॲप एकाच स्वस्त फोनवर घालून बघा. १ ते ५० आकडे मेसेज म्हणून पाठवत राहा, मध्येच फ्लाइट मोड, मग ॲप जबरदस्तीने बंद, पंधरा मिनिटांनी वायफायऐवजी मोबाइल डेटावर चालू. समोरच्या फोनवर कोणता आकडा गळाला आणि कोणता दोनदा आला, ते मोजा.